वायूचा दगड करू पाहणाऱ्या टिपणीसबाई

डॉ. हेमलता टिपणीस यांची आणि माझी पहिली भेट पेणच्या एस.टी. स्टँडवर झाली. त्या वेळी त्या स्टँडची भिंत फोडत होत्या.

'फोडत होत्या' हे कंट्रोलरसाहेबांचं म्हणणं. त्यांनी केबिनमधून मान बाहेर काढून "ओ मॅडम, सरकारी भिंत हाय ती!" असा आवाज दिला, तेव्हा रोह्याच्या गाडीची वाट बघणारे आम्ही सगळे वळून पाहू लागलो. सुती साडी, खांद्याला झोळी, हातात लहानशी हातोडी. भिंतीतल्या काळ्या दगडात एक पांढरी शीर होती, तिचा कपचा त्यांनी उडवला होता. साहेबांना त्यांनी अतिशय नम्रपणे "झालंच हं" असं सांगितलं आणि झोळीतून आम्लाची एक छोटी बाटली काढली. पांढऱ्या शिरेवर थेंब पडला मात्र, ती फसफसायला लागली. मी अगदी शेजारी उभा होतो, एवढाच माझा गुन्हा. त्यांनी वळून मलाच विचारलं, "काय सुटलं हो?"

मी नुकताच कॉलेजात जायला लागलो होतो. म्हटलं, "गॅस."

"कुठला?"

"सोड्याच्या बाटलीत असतो तो."

"बरोबर. कार्बन डायऑक्साइड. मग तो या दगडात कोणी भरून ठेवला?"

मी तोंड उघडायच्या आत गाडी लागली. नागोठणं येईपर्यंत माझ्या डोक्यात तोच किडा वळवळत होता. दगड म्हणजे दगड, त्यात वायू कसा मावेल? विचारावं म्हणून पाहिलं, तर बाई पुढच्या बाकावर गाढ झोपलेल्या. दुसऱ्याच्या डोक्यात किडा सोडून स्वतः निवांत झोपायची त्यांची ही सवय आजही गेलेली नाही.

बाईंना यंदा पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. या गौरवग्रंथाच्या संपादकांनी मला बजावलं आहे की भाषा भारदस्त ठेवा. प्रयत्न करतो. पण बाईंनाच भारदस्त भाषेचं वावडं. माझ्या पहिल्या निबंधात मी 'भूगर्भातील अनादि गूढ' असं काहीतरी लिहिलं होतं. बाईंनी त्याखाली शेरा मारला, 'गूढ नाही. माहीत नाही, असं लिहा.' त्यामुळे कुठं भाषा घसरली तर दोष त्यांच्या शिकवणीचा समजावा.

बाईंनी रोह्याला, माझ्याच कॉलेजात, भूशास्त्र शिकवण्यात उभं आयुष्य घालवलं. त्या मूळच्या पेणच्या. घरची शेतीवाडी भावंडांकडे सोडून त्या शिक्षणाच्या मागे लागल्या. त्यांच्या संशोधनाचा विषय एका वाक्यात सांगता येतो, आणि ऐकणारा हमखास विचारतो, "हे खरं की थट्टा?" विषय असा: कारखान्याच्या धुराड्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड पकडायचा, पाण्यात मुरवून त्याचं सोड्यासारखं पाणी करायचं, आणि ते पाणी खोल जमिनीत आपल्या काळ्या दगडाच्या पोटात सोडायचं. आपला हा कातळ ज्वालारसाचा. त्याच्या काही थरांना जाळीसारखी भोकं असतात. सोड्याचं पाणी त्या भोकांत शिरलं की दगडातलं कॅल्शियम त्यात उतरतं, वायूशी त्याचं जमतं, आणि दोघं मिळून पांढरा खडा होऊन तिथंच बसतात. म्हणजे वायूचाच दगड होतो. मग तो उडून जायचं भय नाही. स्टँडच्या भिंतीत निसर्गानं कधीकाळी केलं, ते माणसाला ठरवून आणि लवकर करता येईल का, एवढाच बाईंचा प्रश्न. जगात एक-दोन ठिकाणी ते करून पाहिलं गेलं आहे. आपल्या कातळात जमेल का, हे विचारत बाईंचे केस पांढरे झाले.

हे ऐकून कोणी फार हुरळून गेलं की बाई लगेच त्याला जमिनीवर आणत. एकदा व्याख्यानानंतर एका गृहस्थांनी उत्साहानं विचारलं, "म्हणजे आता हवा तेवढा धूर सोडायला हरकत नाही?" बाई म्हणाल्या, "दूध उतू जायला लागलं तर तुम्ही आधी काय करता? गॅस बारीक करता की ओटा पुसता?" गृहस्थ म्हणाले, "दूध आमची ही पाहते." बाई म्हणाल्या, "मग त्यांनाच विचारा."

मी भूशास्त्र घ्यायचं ठरवलं तेव्हा माझी आई हट्टाला पेटली. आमची भाताची आणि वालाची शेती. मुलगा शिकून कंपनीत लागावा, शिफ्ट करावी, पगार आणावा, एवढं तिचं साधं गणित. बाई एका सकाळी पायवाटेनं आमच्या दारात आल्या. आई पडवीत भिजवलेले वाल सोलत होती. बाई तिच्यासमोर बसल्या आणि स्वतःही सोलायला लागल्या. आईनं थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाली, "बाई, दगड फोडायला कॉलेजात जावं लागतं व्हय? आमच्या बांधावर हायत की!"

"फोडायला नाही जावं लागत," बाई म्हणाल्या, "पण फोडल्यावर आत काय आहे ते बघायला जावं लागतं. तुमच्या मुलाला बघायची हौस आहे. ती सगळ्यांना नसते."

आई म्हणाली, "आनि तुमी वाल चिरडताय. सालासकट दाबू नका, नुसतं चिमटीत धरा." त्या दिवशी बाई आमच्याकडे बिरडं-भात जेवून गेल्या. मी भूशास्त्र घेतलं. आज मी पेणला तोच विषय शिकवतो. या दोन गोष्टींमध्ये पडवीत नेमकं काय ठरलं, ते त्या दोघींनी मला कधीही सांगितलं नाही.

बाईंचा स्वभाव कुतूहलाचा आहे, असं सगळेच म्हणतात. मला त्यात भर घालायची आहे. त्यांना दुसऱ्याचा प्रश्न स्वतःच्या उत्तरापेक्षा जास्त आवडतो. खाडीकाठच्या एका गावात त्या बोलत होत्या. जमिनीत वायू मुरवण्याचं सांगून झाल्यावर त्यांनी समुद्राचाही विषय काढला. काहींचं म्हणणं, वायू खोल समुद्रात सोडावा. काहींचं म्हणणं, दगडाची पूड समुद्रात टाकली तर समुद्र आपणहून जास्त वायू पिऊन घेईल. मागच्या रांगेतून मासळी विकणाऱ्या एक बाई उठल्या. "आनि आमच्या खाडीतल्या तिसऱ्या-शिंपल्या काय सोडा पिऊन जगतील व्हय?"

सगळी सभा हसली. टिपणीसबाई मात्र हसल्या नाहीत. "हाच प्रश्न आहे," त्या म्हणाल्या. "आणि याचं पुरतं उत्तर माझ्याकडे नाही." परत येताना त्यांनी तिसऱ्यांच्या शिंपल्या मागून आणल्या, रोह्याला दुकानातून सोडा घेतला, आणि प्रयोगशाळेत ग्लासात शिंपल्या बुडवून ठेवल्या. रोज सोडा बदलायचा. शिंपल्यांची चकाकी गेली, कडा झिजल्या, बोटानं दाबली तर एक मोडली. बाई पुन्हा त्या गावी गेल्या आणि शिंपल्या त्या मासळीवाल्या बाईंच्या हातात ठेवल्या. "तुमचं म्हणणं पूर्ण बरोबर की अर्धं, ते मला अजून माहीत नाही. समुद्र म्हणजे ग्लास नाही. पण ते कळेपर्यंत मी समुद्रात काही सोडा असं सांगणार नाही." तेव्हापासून त्यांच्या व्याख्यानात समुद्राचा भाग आला की त्या आधी शिंपली दाखवतात. ग्रंथालयात बसून सुचलं नसतं ते आपल्याला त्या गावानं शिकवलं, असं त्या उघड म्हणतात.

आता मुख्य गोष्ट. ती लिहिल्याशिवाय हा लेख पुरा करणं म्हणजे वरणाशिवाय भात वाढणं.

बाई निवृत्त होऊन बरीच वर्षं झाल्यावर, सत्तरी ओलांडल्यावर, एका संशोधन संस्थेनं त्यांचं म्हणणं एकदाचं मनावर घेतलं. आपल्या भागात एक चाचणीची बोअर मारायची, तिच्यातून सोड्याचं पाणी खाली सोडायचं, आणि पुढे तिथला दगड कापून वर काढून बघायचा. जागा मिळाली पेणकडच्या डोंगरउतारावर. खाली एक वाडी, आणि वाडीत गणपतीचे दोन-तीन कारखाने. कारखाने म्हणजे मूर्तींचे, हे पेणच्या माणसाला सांगावं लागत नाही, पण ग्रंथ पुण्यातही वाचला जाईल म्हणून सांगतो. वाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथली माणसं या विषयावरून अजूनही एकमेकांना चिडवतात.

संस्थेनं बाईंना आधीच सांगून ठेवलं होतं की ही जागा हुकली तर इथं दुसरी शोधायला आम्ही थांबणार नाही. बाईंचं सारं आयुष्य त्या एका भोकाशी येऊन थांबलं होतं. आणि वाडीचं सारं पाणी उतारावरच्या एका विहिरीत होतं.

गावसभेत बाईंनी सांगितलं की वायू सोडण्याआधी, पाणी कुठवर जातं ते कळावं म्हणून, बोअरमध्ये हिरव्या रंगाचं निरुपद्रवी पाणी सोडणार. खालच्या कातळात तांबड्या मातीचा एक घट्ट थर आहे, तो झाकणासारखा आहे, त्यामुळे रंग वर किंवा विहिरीकडे येणार नाही असा आमचा अंदाज आहे. सुगंधाताई पाटील नावाच्या बाई पंचायतीत सदस्य होत्या. त्यांनी विचारलं, "अंदाज चुकला, विहिरीत रंग दिसला, तर?"

"तर मी माझं सामान उचलून जाईन," बाई म्हणाल्या.

शेजारी बसलेल्या संस्थेच्या इंजिनिअरनं बाईंकडे असं पाहिलं, जणू कोणी त्याची चप्पल पळवली असावी. पण शब्द निघून गेला होता.

रंग सोडला. विहिरीचं पाणी रोज बाटलीत भरून तपासलं जाई. पाणी स्वच्छ. आम्ही सगळे खुशीत. आणि एका सकाळी सुगंधाताईंचा फोन आला, "बाई, या. लगेच या."

बाई, मी आणि संस्थेचा इंजिनिअर पोचलो तेव्हा विहिरीभोवती सगळी वाडी जमली होती. मी वाकून पाहिलं. पाणी हिरवं होतं. थोडंथोडकं नाही, चांगलं पोपटी. सुगंधाताईंनी भरलेली बादली बाईंच्या पायाशी ठेवली. "हा घ्या तुमचा रंग. आता पोरांना काय पाजू, तेवढं सांगा."

बाईंचा चेहरा उतरला. मी त्यांना इतक्या वर्षांत तसं कधी पाहिलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "आज टँकर मी आणवते. मला एक बाटली भरून द्या." शेजारच्या गणपतीच्या कारखान्याच्या ओट्यावर त्या बसल्या, बाटली समोर ठेवली आणि नुसत्या बघत राहिल्या. कोणी चहा आणून दिला. तो थंड झाला. लोक चुळबुळायला लागले. मग बाई एकदम पुढे झुकल्या. "हे बघा, बघा. रंग खाली बसतोय!"

खरंच, बाटलीच्या तळाशी हिरवा साका जमत होता आणि वरचं पाणी निवळत होतं. आमचा रंग पाण्यात विरघळणारा, तो कधीच खाली बसत नाही. कारखान्याचे मालक नाना इतका वेळ लोकांच्या मागे उभे होते. ते पुढे आले, बाटली उचलून उजेडाकडे धरली आणि कपाळावर हात मारून घेतला. "आयला! हा तर आपला रेडियम हिरवा!"

त्या वर्षी एका मंडळाला गणपतीचं पितांबर चकाकणाऱ्या हिरव्या रंगाचं हवं होतं. रेडियम म्हणजे तो झगझगीत रंग. नानांनी रंग फवारायची गन आणि पिंपं धुतली होती, आणि ते पाणी कारखान्यामागच्या शोषखड्ड्यात ओतलं होतं. पूर्वी सगळे नाल्यात ओतायचे. नाला खराब होतो म्हणून नानांनीच पुढाकार घेऊन हा खड्डा खणून घेतला होता. झालं! वाडीतल्या बायकांनी आपला मोर्चा बाईंवरून नानांवर वळवला. "नाना, तुमच्या पितांबरापायी आमी तहानेनं मरू की!" नानांची पळता भुई थोडी झाली.

बाई मध्ये पडल्या. "नानांना बोलू नका. त्यांनी नाला वाचवायला खड्डा खणला. खालून वाट फुटलेली असेल हे त्यांना कसं कळणार? मला कळलं नाही, मी तर आयुष्यभर तेच करतेय."

संस्थेच्या इंजिनिअरचा जीव भांड्यात पडला होता. तो हसतहसत म्हणाला, "चला मॅडम, आपण सुटलो! विहीर उपसून देऊ आणि काम पुढे चालू." सुगंधाताईसुद्धा म्हणाल्या, "तुमचा रंग नाय, आमचाच हाय. मंग तुमचं काम थांबवायचं काय कारण?" मी तर मनातल्या मनात पेढे वाटले होते.

बाईंनी विचारलं, "खड्डा कुठं आहे?"

आम्ही कारखान्यामागे गेलो. खड्डा विहिरीच्या वर, एका खडकाच्या पलीकडच्या अंगाला. बाईंनी खड्डा पाहिला, विहिरीकडे पाहिलं, मग डोंगराकडे पाहिलं. आम्ही ज्या तांबड्या थराला झाकण समजत होतो, तो नेमका या दोन जागांच्या मधून जात होता. नानांचा रंग त्या थरातून पार होऊन विहिरीत उतरला होता. झाकणाला भेग होती.

"काम थांबवा," बाई म्हणाल्या.

इंजिनिअर हबकला. "मॅडम, तो आपला रंग नाही!"

"रंग नानांचा. पण वाट तीच आहे. आज रंग आला, उद्या आपलं पाणी येईल. आंबट पाणी दगडातलं काय काय विरघळवून आणेल आणि या बायका ते भरून नेतील. मी या सगळ्यांना सांगितलं होतं की झाकण घट्ट आहे. ते घट्ट नाही."

तिथं कोणी बाईंना विचारायला आलं नव्हतं. भेग आहे हे बाईंखेरीज कोणाला दिसलंही नव्हतं. त्या गप्प बसल्या असत्या तर दुसऱ्या दिवशी काम सुरू झालं असतं, तेही गावाच्या संमतीनं. परत रोह्याला येताना मी गाडीत भांडलो. होय, गुरूंशी भांडलो. म्हटलं, "बाई, हातातोंडाशी आलेला घास तुम्ही स्वतः खाली टाकलात. आणखी खोल जाता आलं असतं, भेग सिमेंटनं भरता आली असती, काहीतरी केलं असतं!"

"वाईट वाटतंय रे," बाई म्हणाल्या. "फार वाईट वाटतंय. आता माझ्याकडे वेळ तरी किती आहे?" मग डोळे पुसून म्हणाल्या, "पण मला एक सांग, ती भेग अर्ध्या डोंगरातच का थांबत नाही? कुठपर्यंत जात असेल?" आणि त्यांनी मला पुढचा सगळा रस्ता भेगांबद्दल प्रश्न विचारून भंडावून सोडलं. मी रागावलेलाच होतो, पण उत्तरं देत होतो. त्यांच्यापुढे दुसरं काही करताच येत नाही.

विहीर उपसली गेली. नानांच्या खड्ड्याला आतून सिमेंटचा गिलावा झाला. तो होईपर्यंत बाई वाडीत येऊन उभ्या राहायच्या. संस्था म्हणाल्याप्रमाणे निघून गेली. बाईंनी पत्रं लिहिली, तेव्हा उत्तर आलं की गावाच्या संमतीसह नवी जागा तुम्हीच दाखवलीत तर विचार करू. कोणतं गाव संमती देणार? विहीर हिरवी झाल्याची बातमी तालुकाभर गेली होती, आणि रंग नानांचा होता ही बातमी नेहमीप्रमाणे घरीच बसली होती. बाई गावोगाव हिंडल्या. लोक चहा देत आणि वाटेला लावत.

मग एक दिवस सुगंधाताई स्वतः बाईंच्या घरी आल्या आणि म्हणाल्या, "चला, माझ्या माहेरी." त्यांचं माहेर रोह्याच्या बाजूला. गावापासून लांब ओसाड माळ, आसपास विहीर नाही, आणि खाली तांबडे थर एकावर एक, म्हणजे झाकणावर झाकण. तिथल्या गावसभेला मी हजर होतो. लोकांनी आरडाओरडा केला. तुमच्या सासरी विहीर नासवली ती हीच बाई ना, असं एकानं तोंडावर विचारलं. सुगंधाताई उभ्या राहिल्या.

"व्हय, हीच. विहीर हिनं नाय नासवली, आमीच नासवली. आमी म्हनत होतो, बाई, काम चालू करा. हिनं नाय केलं. आमच्या पान्यापायी स्वतःचं काम बुडवलं हिनं. आता मला सांगा, तुमच्या पान्याची काळजी तुमचा सरपंच जास्त करल का ही बाई?"

सरपंचांसकट सगळे हसले. संमती मिळाली.

तिथं आधी रंग सोडला, अख्खा पावसाळा आसपासच्या गावांतलं पाणी तपासलं, रंग कुठंही आला नाही. गेल्या हिवाळ्यात सोड्याचं पाणी खाली गेलं. बाई खुर्ची टाकून तिथं बसल्या होत्या. पंपाचा आवाज बंद झाल्यावर मी त्यांना विचारलं, "आता खाली काय होत असेल?" त्या म्हणाल्या, "तेच तर माहीत नाही!" आणि इतक्या आनंदानं म्हणाल्या की मला हेवा वाटला. वायूचा दगड झाला का, किती झाला, हे कळायला तिथला कातळ कापून वर काढावा लागेल. त्याला अजून काही काळ जायला हवा. घाई करून चालत नाही.

गौरवलेखाच्या शेवटी सत्कारमूर्तींना दीर्घायुष्य चिंतायचं असतं. मीही मनापासून चिंततो. बाईंचे गुडघे बरे राहोत, डोळ्यांना बारीक खडे दिसत राहोत, आणि प्रश्न विचारण्याची खोड त्यांना शतायुषी होईपर्यंत न सोडो. पण हे काय, कोणीही लिहील. म्हणून हा लेख लिहायच्या आधी मी सुगंधाताईंना फोन केला आणि म्हटलं, तुमच्या वतीनं बाईंसाठी काय लिहू?

त्या म्हणाल्या, "शुभेच्छा तू लिव तुझ्या भाषेत. माझं येवढंच सांग त्यांना. दगड वर काढतील तवा त्या तिथं पायजेत. झाला असंल तर झाला म्हनाव्या, नाय झाला तर नाय झाला म्हनाव्या, आमचं काय म्हननं नाय. पन दुसऱ्या कुनी येऊन सांगितलं, तर आमच्या गावाला ते खरं वाटायचं नाय."